अपिलाशिवाय निकाल नाही

डोळ्यांनी पाहिलेलं पोटात ठेवणारा माणूस अख्ख्या इंग्लंडात एकच झाला, आणि तो नेमका माझा साडू निघावा हे माझं नशीब! नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात ते भूल द्यायचे. ऐंशीच्या आसपास सहा महिने अमेरिकेत ट्रेनिंगला गेले. लोक तिकडून कॅमेरे आणतात, परफ्यूम आणतात. हे बेसबॉलची नियमावली, छातीला बांधायचं गादीसारखं कवच आणि तोंडावरचा जाळीचा मास्क घेऊन आले. स्वतः मात्र एक दिवस खेळले नाहीत. म्हणायचे, "खेळतं काय, कुणीही. निकाल द्यायला माणूस लागतो."

आमच्या मराठी मंडळाच्या समर पिकनिकला तोवर राउंडर्स, म्हणजे बॅट-बॉलचा पोरखेळ, चालायचं. बायका, मुलं, पोट सुटलेले कन्सल्टंट, सगळे हसतखेळत धावायचे. साडूंनी ते बंद पाडून बेसबॉल आणला आणि हसणं संपलं. पहिल्याच वर्षी पहिल्या-दुसऱ्या बेसवर, म्हणजे धावेच्या टप्प्यांवर, माणसं उभी असताना समोरच्या एजवेअर टीमच्या डेंटिस्टांनी चेंडू उंच उडवला, आमच्या खजिनदारांनी तो झेल व्यवस्थित सोडला, आणि साडूंनी डेंटिस्टांना आउट दिलं. "अहो, बॉल खाली पडलाय, दिसत नाही का?" डेंटिस्ट ओरडले. "दिसला. पण ऑर्डिनरी एफर्टमध्ये घेता आला असता, म्हणून आउट. नियमच आहे." "घेता आला असता हे कोण म्हणतं?" "मी." झालं! गावसकर-विश्वनाथवर वाढलेली ती पिढी. झेल सुटूनही माणूस बाद होतो हे त्यांना मरेपर्यंत पटलं नाही. साडूंनी मात्र तेव्हापासून सगळं जग त्याच मापाने मोजायला घेतलं. मंडळाच्या गणपतीतलं नाटक पडलं, तर ते लेखकालाच जाऊन म्हणाले, "ऑर्डिनरी एफर्टमध्ये झेपलं असतं हो, तुम्ही सोडलंत."

पण त्यांचा लाडका नियम म्हणजे अपिलाचा. धावताना प्रत्येक बेसला पाय लागायला हवा. एखाद्याचा नाही लागला, तर अंपायरने पाहूनही गप्प बसायचं. समोरच्या टीमने मैदान सोडण्याआधी अपील केलं तर आउट, नाहीतर धाव पक्की. हा नियम त्यांनी घरीदारी इतका लावला की काय सांगू! एकदा मिल्टन कीन्सला मी गाडी चालवत होतो, हे शेजारी. राउंडअबाउटमागून राउंडअबाउट, तेच सुपरमार्केट तिसऱ्यांदा आलं तेव्हा मी वैतागून विचारलं, "साडूभाऊ, चुकलो का हो आपण?" "मघाशीच. पहिल्या राउंडअबाउटला." "मग बोलला का नाहीत?" "तुम्ही विचारलंत कुठे?" त्या दिवशी त्यांना तिथेच उतरवून ठेवायला हवं होतं, पण मागे ताई बसल्या होत्या. ताई म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, माझ्या बायकोची थोरली बहीण.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या एकुलत्या एक लेकीने, मृदुलाने, सिडनीत नोकरी धरली. कायमचीच जाणार. ताई रडून रडून अर्ध्या झाल्या. "अहो, हा माणूस एक अक्षर बोलत नाही," त्या मला म्हणाल्या, "जा म्हणत नाही, राहा म्हणत नाही. पोरगी नुसती वाट बघतेय." मी साडूंकडे विषय काढला, तर म्हणाले, "तिने मला विचारलंय का?"

जाण्याच्या आदल्या रविवारी पिकनिक होती. शेवटचा डाव, एक धाव हवी आणि बॅट मृदुलाच्या हातात. पोरीने असा काही टोला हाणला की चेंडू थेट झाडीत. ती सगळे बेस पळून आली, आमची बाजू जिंकली, एजवेअरवाले शिव्या देत पावभाजीकडे वळले. साडू मास्क लावून जागेवर उभे होते. मी ग्लोव्ह्ज गोळा करत होतो, म्हणून पुढचं मला ऐकू आलं.

"बाबा, थर्ड बेसला माझा पाय नाही लागला. यू सॉ इट, ना?"

"पाहिलं. कुणी अपील केलं नाही. रन गुड."

"मग मी करते अपील."

"स्वतःविरुद्ध करता येत नाही बाळा."

"रनचं नाही हो, बाबा. मी विचारते तुम्हाला. मी जाऊ नये असं वाटतं का?"

साडूंनी मैदानाकडे पाहिलं. मैदानावर कुणी उरलं नव्हतं, सगळे तव्याभोवती.

"वाटतं गं," ते म्हणाले. "पहिल्या दिवसापासून वाटतंय. पण अपील फार उशिरा आलं. मैदान सुटलं. आता निकाल एकच."

आणि त्यांनी अंपायर 'सेफ', म्हणजे नाबाद, देतो तसे दोन्ही हात आडवे पसरले. नियमाप्रमाणे ते लगेच खाली घ्यायचे असतात. साडूंनी घेतले नाहीत. मृदुला पुढे झाली आणि त्या गादीसारख्या कवचावर डोकं टेकून उभी राहिली.

पावभाजी संपत आली, ताई दोनदा हाक मारून गेल्या, तरी साडूंनी तोंडावरचा मास्क काढला नाही. का नाही, ते मला दिसत होतं. पण मला कुणी विचारलं नाही.