मुहूर्ताला निघणारे आप्पा

आमच्या वऱ्हाडात लग्नं उशिरा लागतात. पत्रिकेत दुपारचा मुहूर्त असला की पाहुणे तो उलटल्यावर घरून निघतात. याला एकच माणूस अपवाद होता, आमचे आमदार. सगळे त्यांना आप्पा म्हणत. धोतर, काळी टोपी, कपाळी गंध, खिशात साखळीचं घड्याळ. मुहूर्ताआधी ते मांडवात येऊन बसत आणि मुहूर्त झाला की उठत. नवरदेव चौकात नाचत असला तरी रिकाम्या बोहल्यावर अक्षता टाकून चालू लागत. जेवायला थांबायचा प्रश्नच नव्हता. बाहेरचं अन्न त्यांना वर्ज्य.

यजमान मागे धावत. "आप्पा, थांबा ना जरा, वरात आलीच समजा!"

"मी मुहूर्ताले आलो होतो बाप्पा, नवरदेवाले नाई."

ते दोनदा निवडून आले ते याच गोष्टीवर, असं माझं मत आहे. कामांचा हिशेब मांडला तर हाती फारसं लागत नाही. पाण्याची टाकी अर्धीच राहिली. पण हा माणूस बोलतो तसा वागतो, याची लोकांना खात्री होती. त्यांची बरीच मतं मला तेव्हाही पटत नसत. मुलींना शिकायला बाहेरगावी ठेवू नये, असं ते भर सभेत सांगत. माझ्या चुलतभावानं जातीबाहेर लग्न केलं, तिकडे ते फिरकले नाहीत. माझे बाबा मात्र त्यांचे कार्यकर्ते. वकिलाकडे कारकुनी करत आणि संध्याकाळी आप्पांच्या सभेच्या सतरंज्या अंथरत.

माझ्या बहिणीच्या लग्नात वरात मूर्तिजापूरहून येणार होती. गाडी लेट झाली. मुहूर्त झाला तसे आप्पा उठले. बाबांनी त्यांना वाट करून दिली. बहीण गौरीहरापाशी एकटीच बसली होती. आप्पांनी तिच्या डोक्यावर अक्षता टाकल्या आणि ते अकोल्याच्या सभेला निघून गेले.

आई चिडली. "इतक्या सतरंज्या उचलल्या तुमी त्यांच्या, अन् घडीभर थांबता नाई आलं?"

"आपल्या घरी थांबले, तर दुसऱ्याच्या घरून कोणत्या तोंडानं निघतीन ते?" बाबा म्हणाले. त्या दिवशी ते नीट जेवले नाहीत, हेही मला आठवतं.

पुढे आप्पा हरले. नंतरचे उमेदवार वरातीत नाचत, पंगतीत वाढत, नवरानवरीबरोबर फोटो काढून घेत. आप्पांची उरली ती थट्टा. लग्नातून कोणी लवकर निघालं की लोक म्हणत, "काहून, आप्पा झाला का रे?" मी ते ऐकलं की मला त्यांची शिस्त आठवे, आणि ते दिवस बरे होते असं वाटे.

मागच्या उन्हाळ्यात माझ्या मुलीचं लग्न झालं, अमरावतीला, एका लॉनवर. वरात अकोल्याची. आप्पा आता खूप थकलेत. भाच्यानं त्यांना गाडीतून आणलं. टोपी आणि घड्याळ तेच. शेजारच्या खुर्चीवर बाबा. फाटकाशी डीजे दणाणत होता.

मुहूर्ताची वेळ झाली. आप्पांनी घड्याळ काढलं, पाहिलं, परत खिशात ठेवलं. ते उठले नाहीत.

मागून कोणीतरी हसलं. "पाह्य रे, आप्पा थांबले! शेवटी सुधरले बुवा."

ते बाबांनी ऐकलं. ते वाकून म्हणाले, "आप्पा, वेळ झाली."

"भाचा चाबी घेऊन नाचाले गेला गड्या," आप्पा हळूच म्हणाले. "जाऊ कशानं?"

बाबा थेट माझ्याकडे आले. "तुह्या गाडीची चाबी दे."

"बाबा, तुम्ही गाडी चालवता कुठे?"

"चालवाची कोणाले हाय? दे तू."

त्यांनी आप्पांच्या हातावर अक्षता दिल्या. आप्पांनी त्या रिकाम्या बोहल्यावर टाकल्या. मग दोघं हातात हात धरून मधल्या वाटेनं, सगळ्यांच्या देखत निघाले. हसणाऱ्यांनी पाय आवरून घेतले. एक म्हातारी ओरडली, "अरे, आप्पा निघाले! मुहूर्त झाला ना!" डीजे काही थांबला नाही.

लग्न बरंच उशिरा लागलं. मंगलाष्टकं चालू असताना मुलगी मान वळवून आजोबांना शोधत होती.

नंतर मी लॉनच्या मागे गेलो. कडुलिंबाखाली माझी गाडी होती, दारं उघडी. मागच्या सीटवर आप्पा झोपले होते, टोपी सरळ. शेजारी बाबा, त्यांची मूठ मिटलेली.

"लागलं?"

"लागलं. तुम्ही तरी यायचं होतं. एकच नात तुम्हाला."

"एकटे सोडू का त्याईले? अन् हळू बोल. निघून गेलेला माणूस इथं बसला हाय, हे कोणी पायलं म्हणजे?" त्यांनी मूठ उघडली. घामानं ओल्या झालेल्या अक्षता माझ्या हातावर ठेवल्या. "तिच्या डोक्यावर टाक माह्या नावानं."

मी डिक्कीतून उन्हाची जाळी काढली, फाटकाकडचं दार हळूच लोटलं आणि त्याच्या काचेला ती लावली.