हिरामणदादांच्या डाव्या हाताची मूठ

एकोणीस फिशिंग रॉड. चार लाकडी रिळं. जुन्या मिक्सरच्या मोटरवर चालणारा एक छोटा लेथ.
सगळं या दोन हातांनी केलंय. कुणाकडे शिकलो नाही, कुठला कोर्स नाही.

विसावा रॉड आज डोंबिवलीत माझ्या टेबलावर पडलाय.
तो ज्यांच्यासाठी होता, त्या हिरामणदादांना दुपारी कळव्याच्या स्मशानात पोचवून आलो.

दादा मिठागरावर वाढलेले. पुढे त्यांच्या जमिनीवर बिल्डिंग उभी राहिली, भाडी यायला लागली, पण भरती बघून खाडीवर जायचे ते जायचेच. हातात साधी दोरी आणि गळ. आमची ओळख तिथलीच, बांधावरची.
माझा पहिला रॉड बघून म्हणालेले, "झाडू बरा केलास."

मागच्या वर्षी पॅरालिसिसने त्यांचा उजवा हात गेला. दोरी ओढणं संपलं.

मग एक दिवस फोन. "मिस्त्री, डाव्या हाताला जमंल असा रॉड करशील का? एक जिताडा धरायचाय. मंग बसतो गप."

हाताचं माप घ्यायला मी दादांच्या घरी काकींना कणीक मळायला सांगितली. दादांनी गोळा डाव्या मुठीत दाबला. चार बोटं आणि अंगठा, सगळे खळगे नीट उमटले.
"आता या चपात्या कुनाला घालू?" काकी म्हणाल्या.
"त्यालाच घाल," दादा म्हणाले. "फुकट काम करतंय."

रॉडच्या मुठीला कॉर्कच्या अकरा चकत्या, प्रत्येक अर्ध्या इंचाची. दांड्यावर ओवायच्या, मध्ये इपॉक्सी, दिवसभर दाबून ठेवायच्या. मग लेथवर फिरवत काचपेपर. आधी ऐंशी नंबर, मग एकशेवीस, शेवटी चारशे. बारीक भोकं कॉर्कच्याच भुशात गोंद कालवून बुजवायची.
कमी ताकदीच्या हाताला मूठ जाड लागते. दीड मिलिमीटर जास्त ठेवली.

महिन्याभराने रॉड दाखवायला नेला. दादांनी खुर्चीतूनच गळ टाकल्यासारखा हात फिरवला.
"बसली," एवढंच म्हणाले.

आणि खिडकीच्या उजेडात मला दिसलं. तिसऱ्या आणि चौथ्या चकतीच्या सांध्यावर काळसर रेघ. गोंद जास्त झालेला.

"दादा, परत नेतो. आठ दिवसांत देतो."
"का रं?"
"रेघ दिसतेय."
"कुनाला?"
"मला."
"मासा काय चष्मा लावून येतो का रं?"

घरी येऊन अख्खी मूठ कापून काढली. नवीन चकत्या मागवल्या, त्या भोकाभोकांच्या निघाल्या. परत पाठवल्या.
आठ दिवसांचे पाच आठवडे झाले.
जिताडा मोठा मासा, पुनव-अमावस्येच्या उधाणाबरोबर खाडीत आत येतो. पुनव गेली, अमावस्या गेली, परत पुनव आली. दर वेळी दादांचा फोन, दर वेळी माझं "झालंच."

परवा शेवटचा हात मारला. रेघ नाही, एक भोक नाही. इतकी चांगली मूठ मी आजवर केलेली नाही.
काल सकाळी सीलर लावून सुकत ठेवली.
काल संध्याकाळी दादांना दुसरा झटका आला.

दादा, तुमचा जिताडा माझ्यामुळे राहिला. माफ करा म्हणायलाही मी उशिराच आलो. शांतपणे जा.

एक गोष्ट आज तिथे काकींसमोर बोलवली नाही, म्हणून इथे लिहितोय.
त्या दिवशी रॉड पिशवीत घालून मी निघालो, तेव्हा दादा भिंतीला धरत जिन्यापर्यंत आले. मी त्यांच्याकडून एक रुपया घेणार नाही हे त्यांना माहीत होतं. तरी डाव्या हाताने सदऱ्याच्या खिशातून नोटा काढल्या, वेळ लागला त्यांना.
"उद्या पुनव हाय. हाय तसा मना दे. पंधरा हजार हायत."

मी म्हटलं, रेघवाला रॉड मी कुणाला देत नाही.
पंधरा हजार त्यांच्या खिशात परत घातले आणि जिना उतरलो.