उजव्या हातानं उघडणारा खंड

"ह्याच्यात शेवटच नाय! विटेएवढं पुस्तक हातात दिलं अन् शेवट नाय!"

शहागंजातल्या पुस्तकाच्या दुकानात एक टक्कल पडलेले गृहस्थ ओरडत होते. आवाज असा की, चौकातल्या मनोऱ्यावरची कबुतरं उडून थेट बिडकीनला उतरली असतील. हातात उडणाऱ्या वीराच्या चित्रकथांचा जाडजूड खंड. बहुधा नातवासाठी घेतलेला आणि घरी स्वतःच वाचून काढलेला. दुकानदार गल्ल्यामागून म्हणाला, "काका, मधी बंद पडलेली मालिका आता पुन्हा चालू हाय. चालू गोष्टीला शेवट मी कुठून आणू?"

मी तो खंड उचलला. कागद गुळगुळीत, रंग झगझगीत, पुठ्ठा असा की उशाला घ्यावा. गोष्ट मात्र दर चाळीस पानांनी श्वास घ्यायला थांबते आणि खलनायक मेला की त्याचा भाऊ उगवतो. हे सगळं टीकाकाराच्या ऐटीत मनात मांडत मी पुस्तक नाकाशी नेलं. ताज्या बांधणीचा, सरसाचा वास आला आणि ऐट तिथंच गळून पडली. मामा आठवला.

मामा देवगाव रंगारीकडचा; मेंढरं राखणाऱ्या घरातला पहिला ट्रक ड्रायव्हर. त्याच्या हॉर्ननं वेरूळच्या दगडी हत्तींनी कान हलवलेले मी स्वतः पाहिलेत. ज्याला पटत नसेल त्यानं हत्तींना विचारावं. ट्रकच्या सीटखाली जॅकच्या शेजारी ह्याच उडणाऱ्या वीराच्या चित्रकथांचा गठ्ठा असे. त्या वीराचं छापील नाव चांगलं भारदस्त होतं, पण मामा त्याला नुसतं 'उडता' म्हणायचा. मिशा पिकल्या तरी दर महिन्याला स्टँडवर ट्रक आडवा लावून तो नवा अंक घेई, आणि मागच्या गाड्यांनी शिव्या घातल्या तर शेवटचं पान वाचूनच गाडी हलवी.

मग साखर डोळ्यांत उतरली. डावा डोळा गेलाच होता. उजव्याबद्दल डॉक्टर म्हणाले, बघायचं ते बघून घ्या. नातलगांनी देवांची नावं सुचवली, कुणी समुद्र सुचवला. मामा म्हणाला, "मला उडता पहिल्यापासून बघायचाय. एका दमात. सुटी पानं चाचपण्यात नजर खर्ची पडती, भाच्या. बांधून आण."

शहागंजच्या बोळात एक म्हातारे जिल्दसाज होते. निजामाच्या काळापासून उर्दू पुस्तकं बांधत आलेले. मी धापा टाकत गठ्ठा टाकला आणि घाई करा म्हणालो. बाकी काही सांगायचं सुचलं नाही. सांगावं लागेल असं कुणाला सुचणार? त्यांनी खरोखरच घाई केली. टाचण्या काढल्या, घड्या कापल्या, पानं सुबक रचली, लाल कापडाचा कणा चढवला, आणि तो कणा उजवीकडे. खंड उर्दू किताबासारखा उघडत होता. शिवण आत इतकी घेतलेली की, एका पानावर प्रत्येक वाक्याचं शेपूट गायब आणि उलटलं की मागच्या पानावर मुंडकं. मी हादरून उभा राहिलो तर म्हातारबा म्हणाले, "क्या हुआ बाबा? किताब तो सीधे हाथसेच खुलती ना." त्यांच्या आवाजात इतकी निर्मळ खात्री होती की, भांडण माझ्या घशातच विरघळलं. उसवून पुन्हा बांधायला दिवस लागले असते, आणि दिवस तर आमच्याकडं नव्हते.

मामानं खंड मांडीवर घेतला, उलटसुलट फिरवला. "ह्याला रिव्हर्स गियरमधी बांधलंय व्हय?" एवढंच म्हणाला आणि भिंग लावून उजव्या पानावरून डाव्यावर चालत निघाला. तुटलेली वाक्यं मी पुरी करू लागलो. माझ्या जिभेला लगाम कुठला! उडता एका बुक्कीत तोफ वाकवी तिथं मी सात तोफा वाकवल्या. मामा भिंगातून डोळा न काढता म्हणे, "चित्रात एकच हाय. गप वाच." त्याचं परीक्षणही चालूच असे. पहिले अंक लई तेज. मधले ताकासारखे पातळ. पुढं चित्रकार बदललेला त्यानं एका पानात ओळखला: "ह्या नव्या गड्यानं उडत्याला पोट काढलंय. हे उडंल व्हय?"

पण खंड जसजसा सरत गेला तसतसा उजवा डोळाही सरत गेला. आधी अक्षरं गेली. मग चेहरे गेले. मग "कुठं हाय तो पानावर?" असं विचारू लागला, आणि मी त्याचं बोट धरून उडत्यावर ठेवू लागलो. शेवटच्या अंकात उडता फुटक्या धरणाच्या भिंतीखाली अडकला, पाणी नाकाशी आलं आणि खाली छापलेलं: क्रमशः. तोवर मामाला खिडकीचा उजेड तेवढा कळत होता.

"पुढचा आण," तो म्हणाला. "लवकर."

मी हिंडलो. स्टँड, स्टेशन, गुलमंडी, एसटीनं जालना. चपलेचा तळ असा झिजला की, वाटेत पडलेल्या नाण्याचा छापा की काटा हे पायालाच कळे. सगळीकडे एकच उत्तर: आला नाय. स्टेशनवरचा म्हणाला, बंद पडलं वाटतं. परत आलो की मामा खिडकीकडं तोंड करून बसलेला असे आणि पावलांवरून विचारी, "आणला?" एकदा आलो तर खिडकी उघडी होती, ऊन थेट त्याच्या तोंडावर होतं, आणि त्यानं विचारलं, "दिवा लावला नाय का रं?"

त्या दुपारी मी "आणला" म्हणालो. फळीवरचा एक जुना दिवाळी अंक घेतला आणि त्याची पानं उलटत वाचू लागलो. जन्मभर मजेखातर थापा मारल्या, पण तोंड कोरडं पाडणारी थाप ती पहिलीच. उडत्याला भिंतीखालून काढलं. फुटकं धरण त्याच्या पाठीनं धरवलं. वर आणून देवगावच्या माळावरून, मेंढरांच्या कळपावरून असा नेला की, मेंढरांनी माना वर केल्या. क्रमशः म्हणालो नाही. त्या शब्दाची इतकी धास्ती मला आधी कधी वाटली नव्हती. चालू गोष्टीला शेवट नसतो हे दुकानदाराचं म्हणणं खरंच आहे, पण वाचणाऱ्याला असतो, आणि तो कुठल्याही खंडाची वाट बघत नाही. मी 'समाप्त' म्हणालो आणि अंक मिटला.

 मामा खिडकीकडं तोंड ठेवूनच म्हणाला, "बराय. चित्रं कशी निघालीत?"