फाइलीच्या माथ्यावरचा श्री

नातवाचा विषय निघाला की मुंजाजी आबाला आवरता येत न्हाई, असं आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावात म्हणतात. बराबर म्हणतात!

माझा नातू बुद्धभूषण दोन हजार सहा साली हिंगोलीत एका कंत्राटदाराच्या कॉम्प्युटर ऑफिसात लागला. लेकरांच्या शिष्यवृत्तीची नावं एक्सएमएल नावाच्या फाइलीत असायची. बुद्धभूषणनं पर्ल नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिलेला प्रोग्राम ती वाचून पुण्याच्या सरकारी ऑफिसाला धाडायचा. त्या साली त्याच्या धाकट्या बहिणीचं, करुणाचंही नाव त्यात होतं.

शेवटची तारीख आली अन् प्रोग्राम अडून बसला. पैल्या ओळीत चूक, एवढंच सांगे. अशा फाइलीत दर नावाच्या आधी एक खूण उघडावी लागते अन् नंतर बंद करावी लागते; पोरानं प्रत्येक खूण बंद केली का ते तपासलं. सगळं ठीक. मग फाइलीचा माथा पाहिला, तर मालकानं शुभ काम म्हणून माथ्यावर ‘॥ श्री ॥’ टाइप केलेलं!

आता कागदाच्या माथ्यावर काहीतरी लिहायची आपल्याकडं सवयच. आमी जय भीम लिहितो. पण या फाइलीत पैल्या ओळीला ‘मी एक्सएमएल’ अशी फाइलीची स्वतःची ओळखच लागते. तिच्या आधी तुमचं-आमचं कुणाचंच चालत न्हाई.

पोरानं श्री पुसला. प्रोग्राम सुरळीत चालला. आता धाडणार, तेवढ्यात मालक आला.

"श्री कुठाय?"

"मालक, खालच्या ओळीत टीप म्हणून टाकतो. प्रोग्राम टीप वाचत न्हाई."

"श्रीला खाली बसवतो व्हय रे? तुमच्या लोकांना पुसायलाच पायजे!"

मालकानं श्री परत वर चढवला अन् पोराला कामावरून काढलं.

मला माझी शाळा आठवली. मी दाराबाहेर बसायचो. पाटीवर श्री असा वळणदार काढायचो म्हणता! गुरुजी लांबूनच बघायचे, पाटीला हात न लावता.

संध्याकाळी पोराला मालकाचा फोन. "अडला रे प्रोग्राम. ये."

"पैली ओळ पुसा, मालक. बस."

"मी कसा पुसू? पाप लागंल. तू ये, तुला काय होतंय?"

पोरगं निघालं. मी भडकलो, "काहून जातो रे?"

"आबा, करुणाचं नाव हाय त्यात."

करुणाचं नाव पुण्याला गेलं. नोकरी काही परत मिळाली न्हाई. पण दर फाइलीला मालकाचं बोलावणं येतंच. मालक मनोभावे श्री लिहितो, बुद्धभूषण जीपनं जाऊन पुसतो. भाडं तेवढं मिळतं.

पुसताना डोळ्यांनी बघायला नको, म्हणून मालक तोवर दाराबाहेर उभा राहतो.