तिसरी नळी

माझ्यावर सगळ्यात जास्त ऋण आहे ते पोशीरच्या शाळेत आम्हाला विज्ञान शिकवणाऱ्या बाईंचं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, तो त्यांच्यामुळे.

मी सातवीत असताना त्या वर्गातल्या पोरांना घेऊन आमच्या शेतावर आल्या होत्या. भाताचं बी पेरण्याआधी आम्ही त्या जागेवर शेण, पालापाचोळा पसरून जाळतो. त्याला राब भाजणं म्हणतात. बाईंनी वडिलांना एक कोपरा न भाजता ठेवायला सांगितलं.

"बाई, राब काय फळा हाय का, कोपरा कोरा सोडायला?" वडील हसले. पण सोडला. पावसात बाई पोरांना घेऊन पुन्हा आल्या, तेव्हा त्या कोपऱ्यात रोपांपेक्षा तणच उंच झालं होतं.

"मी बोललोच हुतो," वडील म्हणाले.

"बोलला होतात. आता पोरांनी पाहिलं."

पुढे पदवी घेऊन मी खालापूरकडच्या एका प्रयोगशाळेत कंत्राटावर लागलो. काम होतं जंतूंचा एखादा जीन बंद पाडण्याचं. जीनकडून निघालेल्या निरोपावरून जंतूच्या पेशीत प्रथिन बनतं. त्या निरोपाच्या अक्षरांना नेमका चिकटेल असा कृत्रिम तुकडा आत सोडला, की निरोप वाचलाच जात नाही. जगण्याला लागणारं प्रथिन बनत नाही आणि जंतूची वाढ थांबते. तुकडा आपणहून आत शिरत नाही, म्हणून त्याला एक छोटी शेपटी जोडतात. ती जंतूचं आवरण भेदते.

आमच्या साहेबांना यातली एकच गोष्ट मनापासून आवडायची, ती म्हणजे पाहुण्यांना सांगणं. पाहुणे आले की ते भिंतीवरच्या बटणापाशी जात, खट्कन दिवा घालवत आणि अंधारातून म्हणत, "असा जीन बंद!" टाळ्या पडत. परदेशात इतकी वर्षं शिकून माणूस शेवटी दिवा घालवायला शिकतो, हे मला तिथे समजलं.

मी तीन नळ्या लावल्या. पहिलीत नुसते जंतू, दुसरीत जंतू आणि आमचा तुकडा, तिसरीत तीच शेपटी लावलेला, त्याच अक्षरांचा पण उलटसुलट क्रमाचा तुकडा, जो निरोपाला चिकटूच शकत नाही. पहिली गढूळ झाली, म्हणजे जंतू वाढले. दुसरी नितळ राहिली. तिसरी गढूळ व्हायला हवी होती. तीही नितळ!

"तिसरी कुणी लावायला सांगितली?" साहेब म्हणाले.

"सर, त्याशिवाय कळणार कसं? उलटसुलट तुकड्यानंही जंतू मरतायत, म्हणजे बहुतेक शेपटीच मारतेय. मात्रा फार झाली. हे बटण नाही सर, राब आहे. सगळंच भाजतंय."

"राब म्हणजे?" भोवती चारी बाजूंनी भातशेती असलेल्या खोलीत बसून त्यांनी विचारलं. मी सांगितलं. "शेतातली उदाहरणं शेतात. पोस्टरवर दोनच नळ्या जातील."

मात्रा कमी करून पाहायला मी पंधरवडा मागितला.

"शनिवारचे पाहुणे पंधरवडा बसून राहतील का?"

शनिवारी प्रयोगशाळा सगळ्यांना पाहायला खुली असणार होती. नारळ आणि फीत आधीच आली होती; निष्कर्षच काय तो यायचा होता. मी मोठ्या हौसेनं बाईंना मुलांसह बोलावलं होतं, आणि पोस्टर समजावून सांगायचं काम साहेबांनी माझ्यावरच टाकलं होतं. म्हणजे बाईंसमोर उभं राहून मीच दिवा घालवायचा.

शेजारी काम करणारी दहिवलीची ताई कुजबुजली, "गप रं. कंत्राट संपत आलंय तुजं. ती तिसरी नळी घरी ने आणि देव्हाऱ्यात ठेव."

मी साहेबांकडे जाऊन पोस्टरवरून माझं नाव काढायला सांगितलं. एवढं एक काम त्या प्रयोगशाळेत तत्परतेनं झालं. नाव काढलं, आणि त्यामागोमाग मलाही.

त्याच संध्याकाळी बाईंना पत्र लिहिलं:

"बाई, नमस्कार. शनिवारी मुलांना घेऊन खालापूरला जाऊ नका. मीच बोलावलं होतं, म्हणून मीच सांगतो. तिथे दोन नळ्या दाखवतील, तुम्ही तिसरी विचाराल, आणि ती पोस्टरवरच्या फोटोतून कापलेली आहे. माझं काम सुटलं. दुसरीकडे अर्ज केलाय.

ही युक्ती खोटी नाही, बाई. मात्रा उतरवत नेली तर कदाचित नेमका तुकडाच वाढ थांबवेल आणि उलटसुलट थांबवणार नाही. पण ते करून पाहावं लागेल.

मुलांना आमच्या राबावर आणा, तिसऱ्या नळीची गोष्ट मी तिथे सांगतो. वडिलांनी यंदाही एक कोपरा भाजलेला नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, 'तुज्या बाई आल्या आनि बोलल्या, कोपरा कुठं हाय, तर?'"