जनकाबाईचा सरवा

राणी नवरी होऊन साखऱ्यात उतरली, तेव्हा तिला गावाआधी जनकाबाई दिसली, आणि तीही आभाळात. वाऱ्यानं उडू पाहणाऱ्या पत्र्यावर सत्तरीची म्हातारी उभी, हातात जात्याएवढा धोंडा, पदर झेंड्यासारखा फडफडतोय. तिच्या आवाजानं ताशेवाल्याचा ताशा थांबला, वऱ्हाडाच्या जीपचं इंजिन बंद पडलं, आणि नवरदेवाच्या म्हणण्याप्रमाणे सिद्धेश्वरच्या धरणातली मासळी भिऊन तळाला गेली. "नवरी आली व्हय! थांबा, उतरते!" म्हणत ती शिडीकडे न बघता भिंतीवरून खाली आली आणि राणीची हनुवटी धरून म्हणाली, "लईच वाळकी हाय. वाऱ्याच्या दिवसात हिच्यावर बी धोंडा ठेवा."

राणी तिची शेजारीण झाली. राणीची लेकरं शाळेत जायला लागेपर्यंत जनकाबाईनं पत्रा सोडला होता. कारण रुक्माबाई.

पलीकडच्या गल्लीतली रुक्माबाई नहाणीत पडली आणि लोकांनी ते पाहिलं. लगेच तिचा मुलगा पुण्याहून गाडी घेऊन आला, आणि म्हातारी पाचव्या मजल्यावर जाऊन बसली. फोनवर ती एवढंच सांगायची, "खिडकी हाय. तिला जाळी हाय." जनकाबाईचा भीमराजही पुण्यातच नोकरीला. त्याचं ठरलेलं वाक्य होतं, "आई, एकदा जरी पडलीस, तर मी काही ऐकणार नाही. घेऊन येणार." मुलगा वाईट नव्हता. वाईट असता तर सोपं गेलं असतं.

तेव्हापासून जनकाबाई पडायची बंद झाली. म्हणजे पडायची, पण कोणाला कळू द्यायची नाही. नहाणीत घसरली, राणी धावत आली, तर ही बसल्या बसल्या जमीन चाचपत म्हणे, "साबण शोधून राहिले. तू काहून पळून राहिलीस?" पौर्णिमेला विहाराच्या पायरीशी कोसळली, तर तिथंच बसून मूठभर खडी उचलली आणि "ही इथं कोन टाकली?" म्हणून समितीला असं झोडपलं, की अध्यक्षांनी स्वतः झाडू आणला. तोवर तिचा गुडघा ताळ्यावर आला. काठी ती घेईना. काठी म्हाताऱ्यांना लागते म्हणे. ही भर थंडीत छत्री टेकत चालायची. सेनगावचा बाजार सोडला आणि तिथल्या भाजीला चव राहिली नाही असं जाहीर केलं. पुढे तर गल्लीत भिंतीचा आधार लागू लागला, तेव्हा भिंतीची सावली गुणकारी ठरली.

या सगळ्यात तिला सरवा फार सोयीचा पडला. सोयाबीन काढून नेलं की रानात सांडलेल्या शेंगा बाया वेचून आणतात, तो सरवा. सरवा वेचणारी बाई भुईवरच बसलेली असते. तिला कोणी काय झालं म्हणून विचारत नाही, आणि उठायला कितीही वेळ लागला तरी चालतं. भीमराज पैसे पाठवायचा, शेंगांची गरज नव्हती. गरज होती ती बिनबोभाट बसायच्या जागेची.

त्या दिवशी सुदामच्या रानात ढेकळावरून पाय गेला, आणि कमरेशी काहीतरी कपाशीच्या वाळल्या पळाटीसारखं मोडलं. जनकाबाई कशीबशी उठून बसली, पण उभं राहता येईना. हात सवयीनं शेंगांकडे गेला.

बांधावरून सुदाम निघाला होता. "जय भीम, मावशी! आज रान लुटता का सारं?"

"तुझा बाप पेरत व्हता तव्हापासून लुटून राहिले. जाय आपल्या वाटंनं."

तो हसत गेला.

मग डोक्यावर गवताचा भारा घेऊन राणी आली. "आजी, चला की घरला. केवढा घाम आला तुमाला!"

जनकाबाईच्या तोंडाशी एकच शब्द आला होता. तो बाहेर पडला की पाचवा मजला. तिनं तो गिळला. "मी काय तुझ्यावानी भाऱ्याच्या सावलीत हाय? व्हय म्होरं. एवढी ओळ येचते अन् येते."

"बसा मंग मालकीणबाई," म्हणून राणी गेली. इतक्या वर्षांत इतकं सहज कोणी फसलं नव्हतं.

दिवस कलला. परतणाऱ्या बाया "येचा, येचा" म्हणत गेल्या. मग वाट रिकामी झाली, तेव्हा जनकाबाईनं हाक मारली. ताशा बंद पाडणारा तो आवाज बांधापर्यंतही पोचला नाही.

अंधारलं तरी शेजारी दिवा दिसेना, म्हणून राणी बॅटरी घेऊन रानात आली. "आजी, काय करून राहिल्या अजून?"

"येचून राहिले."

राणीनं उजेड खाली टाकला. म्हातारीचा हात पोचेल तेवढी जमीन सारवल्यासारखी साफ होती. शेंगांची रास मांडीशी होती. त्यापुढे, वीतभर अंतरावर, शेंगा तशाच पडल्या होत्या.

"भीमराजला सांगू नको, बाई," जनकाबाई म्हणाली.

राणीनं तिथूनच फोन लावला.

खुबा मोडला होता. ऑपरेशन पुण्यात झालं आणि चांगलं झालं. भीमराजनं आईच्या पलंगाला दोन्हीकडून कठडे लावून घेतलेत, त्यामुळे ती आता पडत नाही. साखऱ्यातल्या तिच्या घरात राणीचा नवरा गुरांचं कुटार भरतो.