सतरावा नियम

इंग्लंडातल्या लाँग ईटन गावात क्लिफर्ड ओल्डरशॉला दोन गोष्टींसाठी ओळखत. एक, लेसच्या कारखान्यातलं कसलंही रुसलेलं यंत्र तो नुसत्या आवाजावरून बरं करायचा. दुसरी, निळी वही.

वही क्लबची. दर गुरुवारी संध्याकाळी चॅपलमागच्या हॉलमध्ये सात-आठ माणसं जमत, दोन टेबलं जोडून त्यावर हिरवं कापड अंथरत, पुठ्ठ्याचे डोंगर नि पूल मांडत आणि शिशाच्या बोटभर शिपायांची, राक्षसांची, उडत्या सर्पांची फौज उभी करून लढाई खेळत. टेपने अंतर मोजायचं, फासे टाकायचे, पडेल ते भोगायचं. खेळाचं छापील पुस्तक होतं, पण ते कपाटात. वहीच्या पहिल्या पानावर क्लिफने रेखीव अक्षरात लिहून ठेवलं होतं, 'पुस्तकात काय असेल ते असो, या टेबलावर वही खरी.' त्याखाली त्रेचाळीस नियम. टेबलावर ठेवलेला कप हा बुरूज धरावा, पण चहा गरम असेतोवरच. फासा जमिनीवर पडला तर पुन्हा टाकावा. चॅपलच्या मांजराने हलवला तर मात्र मांजराचं खरं. प्रत्येक नियमामागे कुणाचं तरी भांडण होतं, आणि भांडणाऱ्या दोघांची नावं समासात होती. तो नियम खोडायचा तर त्या दोघांच्याच सह्या लागत. इतरांनी कितीही हात वर केले तरी उपयोग नाही.

सतरावा नियम असा : 'ज्याच्या हातून आपला शिपाई आडवा होईल, त्याचा तो मेला.' समासात नावं, सी. ओल्डरशॉ आणि एन. टफिन.

या फेब्रुवारीपासून क्लिफचे हात थरथरायला लागले. यंत्रातल्या केसाएवढ्या सुया ज्या हातांनी बसवल्या, शिपायांच्या डोळ्यांत बुबुळं रंगवली, ते हात आता साखरेचा चमचा कपापर्यंत नेईतो अर्धा रिकामा करत. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या नि सांगितलं की, हे आता असंच. क्लिफने ऐकून घेतलं. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. आठवड्यातले सहा दिवस तो गुरुवारची वाट बघे. एवढंच त्याचं जग.

एप्रिलमधल्या एका गुरुवारी लढाई सुरू व्हायच्या आधीच त्याचे अकरा शिपाई आडवे झाले. समोर मेव्हिस पॅशली होती. जिभेची तिखट बाई, पण खेळात सरळ.

"मी चष्मा पुसत हुते. मला काय दिसलं न्हाई," ती म्हणाली.

"वहीत लिवलंय, मेव्हिस. अकरा मेले."

"मग खोड की तो नियम!"

"माझ्या एकट्याच्या सहीनं खोडता येत न्हाई."

क्लिफने शिपाई कापसात गुंडाळून डब्यात ठेवले, डबा कपाटावर सारला आणि म्हणाला, "फुडल्या गुरवारपास्नं मी च्या करीन. खेळा तुमी."

"च्या? निम्मा बशीत, निम्मा आमच्या मांडीवर!" मेव्हिस फिसकन हसली. मग आवाज उतरवून म्हणाली, "नेव्हिलकडं जा रे, राजा. जित्ता हाय अजून. परवाच मंडईत कांद्याची पात घासाघीस करून घेत हुता."

नेव्हिल टफिन. अठरा वर्षांपूर्वी, त्र्याऐंशी साली, वर्षाच्या शेवटच्या लढाईत त्याचा उडता सर्प क्लिफच्या उरल्यासुरल्या पलटणीवर आग ओकायच्या बेतात होता, आणि नेव्हिलच्या स्वेटरची बाही त्याला लागली. सर्प आडवा. क्लिफ ओरडला, "मेला!" असा नियम तेव्हा नव्हताच. तिथल्या तिथे मत घेतलं, एका मताने नियम झाला, आणि ते एक मत क्लिफचं होतं. नेव्हिलने सर्प बिस्किटाच्या डब्यात ठेवला नि घरी गेला, तो परत आला नाही. त्यानंतर चिप्सच्या दुकानात गाठ पडली की दोघंही पाटीवरचे भाव वाचत उभे राहत.

शनिवारी क्लिफ वही घेऊन गावाबाहेरच्या भाजीच्या वाफ्यांवर गेला. नेव्हिल वाकून वाटाण्याला काटक्या लावत होता. त्याने मान वर केली नाही.

"पंधरा मिनटांचा रस्ता," तो म्हणाला. "अठरा वर्सं लागली व्हय रे?"

"वाटंत चढ हाय," क्लिफ म्हणाला.

"काय काम काढलंस?"

"सतरावा खोडायचाय. तुझी सही पायजे."

"का? आता तुझा सर्प पडला काय?"

क्लिफने खिशातले हात बाहेर काढले आणि काखेतली वही पुढे केली. वही वाऱ्यातल्या पानासारखी फडफडत होती, आणि वारा तर नव्हता. नेव्हिलने वहीकडे पाहिलं. मग खोक्यावर बसला, थर्मास उघडला, दोन कप भरले. स्वतःचा काठोकाठ. क्लिफचा निम्मा.

क्लिफने दोन्ही हातांनी कप धरून चहा संपवला. थेंबही सांडला नाही.

"सही आत्ता न्हाई करनार," नेव्हिल म्हणाला. "माझा डाव निम्मा ऱ्हायलाय. सर्प जिथं पडला तिथं हुबा करायचा. पुलापास्नं सात इंच."

"सहा."

"सात, लेका! अठरा वर्सं रोज मोजतोय मी."

"बरं, सात."

"आनि पाळी माझी. डाव संपला की सही."

गुरुवारी नेव्हिल आला. बिस्किटाचा डबा तोच. मेव्हिसने पूल मांडला, टेपने सात इंच मोजले. क्लिफची पलटण मात्र त्याची त्यालाच मांडायची होती. दुसऱ्याचा शिपाई दुसऱ्याने मांडू नये, हाही वहीतलाच नियम. एकोणीस शिपाई नीट उभे राहिले. विसावा निशाणवाला. क्लिफचं बोट थरथरलं आणि निशाणवाला तोंडावर पडला.

कुणी हललं नाही. नियम अजून वहीत होता. क्लिफ खाली मान घालून म्हणाला, "मेला."

"थांब," नेव्हिल म्हणाला. "पेन आन."

त्याने सतराव्या नियमावर आडवी रेघ ओढली, सही केली नि वही क्लिफपुढे सरकवली. क्लिफची सही नागमोडी झाली, पण त्याचीच होती.

"कर हुबा त्याला. आमी बसलोय."

तीनदा पडला. चौथ्यांदा राहिला. मेव्हिस एवढा वेळ सुईत दोरा ओवणाऱ्याकडे बघावं तशी श्वास धरून बसली होती.

मग नेव्हिलने फासे टाकले. पाच आणि सहा. सर्पाने आग ओकली आणि क्लिफची पलटण निशाणासकट जळाली.

"बघ," नेव्हिल म्हणाला, "त्या दिवशीबी हेच झालं असतं."

"ठावं हुतं मला," क्लिफ म्हणाला. "म्हनून तर नियम केला."

नेव्हिल खांदे हलेस्तोवर हसला. "चोरा! फुडल्या गुरवारी नवी पलटन घिऊन ये."

क्लिफ जळालेले शिपाई एकेक उचलून डब्यात ठेवू लागला. वाटेत दोन-चार निसटून हिरव्या कापडावर आडवे झाले. ते मोजायचं आता कुणाच्या मनातही आलं नाही.